खरखरीतलं कोणीतरी

साध्या स्कॅनरवर, म्हणजे आसपासचं रेडिओवरचं बोलणं ऐकायच्या यंत्रावर, डिजिटल सिग्नल कसा वाजतो हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बाटलीत अडकलेल्या माशीसारखी एकसुरी घरघर असते, मध्येच तिचा पोत किंचित बदलतो, कुठेतरी टक् होतं आणि मग परत रिकाम्या चॅनेलची खरखर. कानाला अजिबात सोसत नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं स्कॅनर गेला. कारण त्याच चॅनेलवर परवापर्यंत माणसं बोलत होती, "पोचलो", "थांबा जरा", "पुन्हा सांगा, तुटलं", असलंच काहीतरी, पण माणसं. दोन दिवस मी अँटेनाचा कनेक्टर काढ-घाल केला, बॅटरी बदलली, स्क्वेल्च, म्हणजे रिकामी खरखर दाबायची सोय, खालीवर करून बघितला. शेवटी एका जुन्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, विचारलं तर ते म्हणाले, "अगं, ते डिजिटल झालं." कोणीतरी गेल्याची बातमी देतात ना, अगदी त्या आवाजात.

मी तेव्हा हो हो म्हटलं पण मला ते पटलं नाही. घरघर होतेय म्हणजे कोणीतरी बोलतंयच की. फक्त माझ्याशी बोलत नाहीये.

तर सुरुवात सोल्डरिंगपासून झाली. मुद्दा असा की स्कॅनरच्या स्पीकरमधून जे बाहेर पडतं ते माणसाच्या कानासाठी शिजवलेलं असतं. एफएम रिसीव्हरच्या पोटात डिस्क्रिमिनेटर नावाचा भाग असतो, फ्रिक्वेन्सी जितकी इकडेतिकडे सरकेल तितकं व्होल्टेज खालीवर करणं एवढंच त्याचं काम. त्याच्यापुढे मग फिल्टर लागतात, वरचे तीक्ष्ण सूर दाबले जातात, साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं कारण बोलणं समजायला ते लागत नाही. कानाला बरं वाटतं, पण डिजिटल सिग्नलची पार वाट लागते, कारण त्यात एकच पातळी बराच वेळ धरून ठेवलेली असू शकते आणि खालचे सूर कापले की ती पातळी हळूहळू घसरत मधोमध येऊन बसते. मग ते शून्य होतं का एक होतं, देव जाणे. म्हणून फिल्टरच्या आधीच, डिस्क्रिमिनेटरच्या पिनेवरून थेट वायर काढायची. याला डिस्क्रिमिनेटर टॅप म्हणतात, आणि एक काळ असा होता की स्कॅनरवाल्या माणसाची खरी ओळख म्हणजे त्याच्या स्कॅनरच्या पाठीला पाडलेलं एक जास्तीचं भोक.

माझं भोक वाकडं पडलं. ते एक वेळ ठीक, पण सोल्डर करताना हात हलला आणि शेजारशेजारच्या दोन पिना जोडल्या गेल्या, आणि स्कॅनर गपगार. तीन दिवस तो टेबलावर उघडा पडून होता, मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी लावून तो ठिपका उचलला आणि स्विच दाबला तर खरखर! इतकी गोड खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती.

आता यातलं काहीच करावं लागत नाही हेही सांगून टाकते. २०१२ पासून लोक टीव्ही बघायच्या यूएसबी डोंगलने हे सगळं करायला लागले. त्या डोंगलमध्ये आरटीएल२८३२यू नावाची चिप असते, मूळ काम डिजिटल टीव्ही. पण एफएम रेडिओ ऐकवायचा असेल तर ही चिप स्वतः काही डिकोड करायची नाही, अँटेनातून आलेले कच्चे नमुने तसेच्या तसे कॉम्प्युटरकडे ढकलायची, बाकी तू बघ म्हणून. अँटी पालोसारी या लिनक्सच्या प्रोग्रॅमरच्या ते लक्षात आलं, ओस्मोकॉम या खुल्या सॉफ्टवेअरवाल्या गटाच्या मंडळींनी त्याभोवती सॉफ्टवेअर लिहिलं आणि टीव्हीचं खेळणं रेडिओ झालं. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत कुठेही कान लावा, सेकंदाला २४ लाख नमुने. नमुना फक्त ८ बिटांचा, म्हणजे जाडाभरडाच, पण चालतं. सॉफ्टवेअर रेडिओ ही कल्पना जोसेफ मिटोलाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, ग्नू रेडिओ हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर २००१ पासून आहे, पण माझ्यासारखीच्या टेबलावर ती आली या डोंगलमुळे.

डोंगलचेही नखरे असतात. आतला क्रिस्टल स्वस्त, गरम झाला की सरकतो. ५० पीपीएम चूक म्हणजे दहा लाखात ५०, ऐकायला काहीच नाही, पण ४०० मेगाहर्ट्झवर तिचे २० किलोहर्ट्झ होतात आणि चॅनेल मुळात १२.५ किलोहर्ट्झचा. म्हणजे तुम्ही एका घराची बेल वाजवताय आणि दार तिसऱ्याच घराचं उघडतंय. म्हणून आधी अर्धा तास ते नुसतं चालू ठेवून गरम होऊ द्यायचं, मग करेक्शन टाकायचं. मी पहिल्या आठवड्यात हे केलं नव्हतं आणि सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसले होते.

पण डोंगलने जी गोष्ट दिली ती टॅपने कधीच दिली नसती, ती म्हणजे वॉटरफॉल. स्क्रीनवर वरून खाली सरकत जाणारा रंगांचा पडदा, आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ. ज्या दिवशी तो पहिल्यांदा बघितला त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत एका काठीने चाचपत होते. इथे सगळं एकदम दिसतं. साधं एफएमवर बोलणारं माणूस श्वास घेतल्यासारखं रुंद-अरुंद होतं. पी-२५ या पोलीस-अग्निशमनवाल्यांच्या डिजिटल रेडिओ सिस्टीमचा कंट्रोल चॅनेल, म्हणजे कोणी कुठल्या चॅनेलवर बोलायचं ते सांगणारा, रात्रंदिवस थांबत नाही, एक सरळ पट्टा. पेजरच्या दोन बारीक समांतर रेघा. आणि डीएमआर या दुसऱ्या एका डिजिटल पद्धतीच्या हँडसेटचा सिग्नल जवळ जाऊन बघितला तर तुटक, ३० मिलिसेकंद चालू, ३० मिलिसेकंद बंद, कारण तेवढ्या फटीत त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणीतरी बोलू शकतं. दोघं एकाच चॅनेलवर, एकमेकांना पत्ता नाही. काही महिन्यांनी मला आवाज बंद ठेवूनही नुसता आकार बघून सांगता यायला लागलं की हे काय आहे.

डिकोडिंग म्हणजे कोडी सोडवणं असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण गंमत म्हणजे पाठवणाऱ्याला लपवायचं नसेल तर तो उलट तुम्हाला सापडावं म्हणून जिवाचा आटापिटा करत असतो.

पी-२५ घ्या. फ्रिक्वेन्सीच्या चार पायऱ्या, मधल्या रेषेच्या वर ६०० आणि १८०० हर्ट्झ, खाली तेवढंच. सेकंदाला ४८०० वेळा यातली एक पायरी निवडायची, प्रत्येक पायरी म्हणजे दोन बिट, झाले ९६०० बिट. ऐकणाऱ्याने नेमक्या कुठल्या क्षणी पायरी मोजायची? त्यासाठी प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे बिटांच्या गठ्ठ्याच्या, सुरुवातीला ४८ बिटांचा एक ठरलेला नमुना येतो आणि त्यात फक्त टोकाच्या दोन पायऱ्या वापरलेल्या असतात, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल, मधलं काही नाही, म्हणजे कितीही गोंगाट असला तरी दिसावं. पेजरच्या पॉक्सॅग नावाच्या पद्धतीत तर आधी निदान ५७६ बिट नुसतेच एक-शून्य-एक-शून्य. त्यात निरोप काहीच नाही. नुसती दारावरची टकटक, अहो, आहात का, जागे आहात का, घड्याळ लावून घ्या, आता सांगतो.

आणि मग सांगताना पण हा माणूस धरूनच चालतो की यातलं काहीतरी वाटेत सांडणार. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. १९४९ मध्ये मार्सेल गोलेने एक कोड मांडला, त्याचं वाढवलेलं रूप असं की १२ बिट सांगायचे असतील तर २४ पाठवायचे, आणि मग त्या २४ पैकी कुठलेही तीन चुकीचे पोचले तरी मूळ १२ बरोबर काढता येतात. कुठलेही तीन! मी हे हाताने कागदावर करून बघितलं होतं, मुद्दाम तीन बिट उलटे करून, आणि उत्तर बरोबर आल्यावर उगाचच डोळ्यात पाणी आलं. शिवाय बिट ओळीने पाठवतच नाहीत, पत्त्यांसारखे पिसून पाठवतात, म्हणजे मध्येच एखादा ट्रक आडवा आला आणि सलग दहा बिट गेले तरी ते दहा जण दहा वेगवेगळ्या गटांतले निघतात आणि प्रत्येक गटाचं एकेकच हरवलेलं असतं. आपण माणसं समोरासमोर बोलताना तरी एवढी काळजी घेतो का, जाऊ दे.

आवाजाचं मात्र प्रकरण वेगळंच आहे. पी-२५ मध्ये २० मिलिसेकंदांच्या बोलण्याला १४४ बिट मिळतात, त्यातले ५६ नुसते चुका दुरुस्त करायला. उरले ८८. एवढ्याशा जागेत आवाज मावत नाही. मी हे भाच्याला सांगत होते, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि माझ्या टेबलावरच्या वायरी त्याला फार आवडायच्या, तर तो म्हणाला, "मग मावशी, आवाज गेला कुठे?"

आवाज गेलाच नाही रे, तिथेच राहिला. इथे आली ती फक्त कृती, म्हणजे या २० मिलिसेकंदांत सूर किती उंच होता, कुठल्या पट्ट्यात घशाचा कंप होता आणि कुठे नुसती हवा, आणि कुठला पट्टा किती जोरात. इकडचं मशीन ती कृती वाचतं आणि नवाच आवाज बनवतं. बेल लॅब्जमध्ये होमर डडलीने १९३० च्या दशकात हे सुरू केलं, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी वोडर नावाचं यंत्र ठेवलं होतं, बाई समोर बसून कळा दाबायची आणि यंत्र बोलायचं. आजचे व्होकोडर त्याच वंशातले. यांना फक्त माणसाचं बोलणं ठाऊक, म्हणून मागे कुत्रं भुंकलं, सायरन वाजला, जोराचा वारा सुटला की बिचारे तेही बोलणं समजून बनवायला जातात आणि वारा काहीतरी पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. भाच्याने वाऱ्याचं ते पुटपुटणं चार वेळा लावायला लावलं.

डीएसडी नावाचा, डिजिटल बोलणं डिकोड करणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याने स्वतःचं नाव कधी पुढे आणलं नाही, कारणही उघड आहे, आवाज बनवायच्या या पद्धतीवर पेटंटं होती. नंतर डेव्हिड रो यांनी कोडेक-२ हा तसाच व्होकोडर लिहिला, पूर्ण खुला, आणि हॅम मंडळींनी त्यावर एम-१७ ही डिजिटल रेडिओची पद्धत उभी केली. पण माझी पहिली वेळ डीएसडीचीच. हॅम लोकांचा डीएमआर रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र, ऐकायला खुला, आणि हॅमच्या नियमांत मजकूर लपवायला बंदीच असते, त्यामुळे मनात खटका नाही. चार आठवडे खटपट. लेव्हल कमी-जास्त, पोलॅरिटी उलटी-सुलटी, एकदा तर चुकून मायक्रोफोनचाच आवाज डिकोडरला देत होते आणि तो माझ्या पंख्याच्या घरघरीत सिंक, म्हणजे फ्रेमच्या सुरुवातीचा तो ठरलेला नमुना, शोधत होता. मग एका संध्याकाळी स्क्रीनवर भराभर ओळी धावायला लागल्या आणि स्पीकरमधून जरा पत्र्यासारखा पण स्वच्छ आवाज आला. एक गृहस्थ दुसऱ्यांना सांगत होते की जिने चढताना डावा गुडघा दुखत नाही, उतरताना दुखतो.

चार आठवडे, आणि गुडघा. मी अख्खं संभाषण ऐकलं.

विमानांचं वेड मात्र त्याहून लवकर लागतं, कारण ते सोपं आहे आणि लगेच दिसतं. विमानं आपलं ठिकाण १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात, ऐकायला जेमतेम सात सेंटिमीटरची तार, आणि साल्वातोरे सॅनफिलिपोने लिहिलेला डम्प१०९० हा प्रोग्रॅम, हा तोच माणूस ज्याने रेडिस हा डेटाबेस लिहिला. विमान ११२ बिटांचा निरोप १२० मायक्रोसेकंदांत फेकून मोकळं होतं. जागा कमी म्हणून ते आपलं ठिकाण पूर्ण सांगतच नाही, एक निरोप सम, पुढचा विषम, दोन्ही जुळवले की मगच जगातली एक जागा ठरते, नुसत्या एकावरून हजारभर जागा निघतील. शेवटचे २४ बिट तपासणीचे. ते जुळले नाहीत तर अख्खा निरोप टाकून द्यायचा. ऑफसेट बदलत बसायची सवय असलेल्या मला हे आधी फार निष्ठुर वाटायचं, पण एकदा मी ती तपासणी बंद करून बघितली आणि पाच मिनिटांत नकाशावर समुद्रात उभी असलेली, उणे उंचीवर उडणारी, क्षणात पृथ्वीच्या पलीकडे पोचलेली विमानं दिसायला लागली. खरखरीत काय वाटेल ते ऐकू येतं, ऐकायचंच ठरवलं तर.

पेजरबद्दल लिहू की नको असा विचार करत होते. जिथे पेजर अजून चालतात तिथे बरेचदा निरोप उघडेच जातात, पॉक्सॅगमध्ये लपवायची काही सोयच नाही, १२०० बॉड, सॉफ्टवेअर लावलं की मजकूर थेट वाचता येतो. मी लावलं होतं. सिंक मिळाल्याचा आनंद होताच, मग ओळी यायला लागल्या. पहिल्या दोन-चार मशीनच्या, पंप चालू, पंप बंद. मग एका दवाखान्याची. काय होतं ते सांगणार नाही, एवढंच की त्यात वय होतं, खोली नंबर होता आणि लवकर या असं होतं. मी खुर्चीतून उठले आणि प्रोग्रॅम बंद केला आणि ती फाइलही उडवली. तो निरोप धाडणाऱ्याला वाटत होतं की आपण एका माणसाशी बोलतोय. तांत्रिकदृष्ट्या मला काय येतं याचा तिथे काही संबंधच नव्हता. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, कुठे ऐकणं चालतं पण सांगणं नाही, कुठे ऐकणंच गुन्हा, ते ज्याचं त्याने आधी बघावं, पण माझं उठणं काही कायद्यामुळे नव्हतं.

म्हणून एन्क्रिप्शन आलं की मला इतरांसारखं हळहळायला होत नाही. पोलीस-अॅम्ब्युलन्सवाल्यांचे चॅनेल बंद झाले म्हणून बरेच जण चिडतात, आणि लोकांना काही ऐकू येणं गरजेचं असतं हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण माझा राग वेगळ्यावर आहे, कुलूप चांगलं आहे असं सांगून कुलूप कधी दाखवायचंच नाही यावर. टेट्रा या पोलीस वगैरे वापरतात त्या डिजिटल रेडिओ पद्धतीचे एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम वर्षानुवर्षं गुप्त ठेवले होते, आणि २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते उघडून दाखवले तेव्हा त्यातल्या टीईए-१ ची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणलेली निघाली. असो.

आता थर्मामीटरची गोष्ट.

४३३.९२ मेगाहर्ट्झवर बारीकसारीक यंत्रं बोलतात, रिमोट, बेल, हवामानाचे सेन्सर. तिथे एक सिग्नल दर मिनिटाला यायचा. आरटीएल-४३३ नावाच्या प्रोग्रॅमला विचारलं असतं तर त्याने एका सेकंदात सांगितलं असतं, पण मी हट्टाने ठरवलं की हाताने करायचं. रेकॉर्ड केलं, मोठं करून बघितलं. अर्ध्या मिलिसेकंदाचे ठोके, त्यांच्या मधली फट कधी एक मिलिसेकंद, कधी दोन. लहान फट शून्य, मोठी फट एक असं धरलं. ३६ बिट निघाले, आणि तेच बारा वेळा. बारा वेळा! हिशेब नाही, दुरुस्ती नाही, गोले वगैरे काही ऐकलेलंच नाही, नुसतं तेच तेच बारा वेळा सांगायचं, एकदा तरी पोचेल.

वहीत ओळीखाली ओळ लिहीत गेले. पहिले ८ बिट कधी बदलत नव्हते, हे नाव असणार, ९२. पुढचे चार पण स्थिर. मग १२ बिट, ते हळूहळू बदलत होते, आकडा केला तर २४१. रात्री दहाला २३८, बाराला २३१, पहाटे २१७. उजाडल्यावर परत चढायला लागला तेव्हा मला हसूच आलं, दहाने भागा की, २१.७ अंश! पुढे चार एक, आणि शेवटच्या आठांत आर्द्रता, ती तापमानाच्या बरोबर उलटी चालत होती. म्हणजे आसपास कोणाच्या तरी खिडकीबाहेर एक छोटा सेन्सर होता आणि त्या खिडकीत किती उकडतंय हे मला त्या घरातल्या माणसांइतकंच ठाऊक होतं. कुठली खिडकी ते मात्र नाही. शोधलीही नाही.

काही महिने ते नुसतं चालू असायचं, कोपऱ्यातल्या एका विंडोत. मग एक दिवस नवव्या बिटाने एक सोडून शून्य धरलं. वहीत मागे जाऊन बघितलं, आजवर कधीच नाही. बॅटरी! संपत आली होती. आणि मी हे कोणाला सांगणार, दारोदार जाऊन विचारू की तुमच्या सेन्सरची बॅटरी बघा हो? अकरा दिवस तो ९२ नंबर दर मिनिटाला बारा बारा वेळा तेच सांगत होता. बाराव्या दिवशी सकाळी विंडो रिकामी.

मी मनाला लावून घेतलं नाही असं म्हणेन, पण दिवसातून चार-पाचदा बघून यायचे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी एक नवीन ओळ आली. नाव १४७. मला वाटलं वेगळंच कोणीतरी. पण चॅनेल तोच, सिग्नलची ताकद तीच, आणि या सेन्सरांचं असं असतं की बॅटरी काढली की ते आपलं नाव विसरतात आणि नवीन घेतात. नववा बिट एक. तापमान मात्र काहीतरीच, २९.८. बाहेर तर माझ्या खिडकीत २३ होतं. पुढच्या मिनिटाला २८.४. मग २७.१, २६.२, २५.५. वीस मिनिटांनी २३.२ वर येऊन थांबलं. बॅटरी घालताना कोणीतरी तो बराच वेळ हातात धरला होता.